प्लास्टिकच्या हिरवळीवरचा राब

फाल्गुनातली सकाळ धुकट, गार होती. जव्हारच्या हॉटेलातली प्लास्टिकची हिरवळ झाडणाऱ्या ढवळूने सागाची पानं गोळा केली आणि भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पाला जाळून राब भाजायचा तसा त्यांचा थर हिरवळीवरच रचला. काडेपेटी काढली. पेटवण्याआधी सवयीने बोट ओलं करून वारा पाहिला. दाभोशाच्या शेतावर त्याची बायको कमू, आता नाही ती, दरवेळी ओरडायची, "आधी वारा बघ, येड्या! डोंगर पेटवशील!"

तेवढ्यात मॅनेजर कमलेश धावत आला. "काका, हे वितळलं तर तुमची नोकरी जाईल, अन् माझीबी!"

"हात जुना हाय ना बाबा, राबच करीत होता," ढवळू ओशाळून हसला. "वारा बघायला लावून कमूनं थांबवला बघ."

पानं गोणीत भरून तो हिरवळीची दबलेली पाती ब्रशने उभी करू लागला.