गुरुवारचे आकडे

वासंती दाबके पिंपरीच्या एका औषध कंपनीत संशोधन विभागात होती, आणि तिचं काम ऐकून सासूबाई कपाळाला हात लावत. "मीठ नाही, साखर नाही, मग खडे कसले वाढवतेस गं?" खडे होते प्रथिनाचे, पेनिसिलीन निकामी करणाऱ्या प्रथिनाचे. त्यातून क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांचा काळेपणा मोजायचा आणि त्यावरून प्रथिनाची घडण काढायची. त्यासाठी धातू मुरवलेले खडेही लागत. चांदी मुरवलेल्या खड्यांची मोजणी रिसबूड सरांनी पूर्वीच केली होती. वासंतीची सगळी गणितं त्याच आकड्यांवर उभी होती. तिच्या पीएचडीला आता फक्त पाऱ्याची मोजणी हवी होती, आणि पारा मुरवला की खडा हमखास तडकायचा. वर्षानुवर्षं तडकला. बाई चिवट, पुन्हा वाढवायची.

रिसबूड सर पुण्याच्या कॉलेजात प्राध्यापक, तिचे मार्गदर्शक. सर म्हणतील ती पूर्व दिशा. ती बाळंतपणाला चिपळूणला गेली आणि परतली तो चमत्कार!

"अगं, तुझ्या खड्यानं पारा पचवला," सर म्हणाले. "तू नसताना इथं कंपनीत येऊन तुझ्या यंत्रावर रोज एक फिल्म काढली. फिल्म दमटपणानं गेल्या, पण आकडे आहेत. लेख टाइप कर. तुझं नाव पहिलं."

वासंतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. टाइप करायला बसली आणि तारखांपाशी तिचं बोट थबकलं. त्यात एकही रविवार नव्हता. गुरुवार मात्र सगळे होते.

साऱ्या जगाला सुट्टी रविवारी, पण पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी, कारण त्या दिवशी वीजच तोडलेली असते. मग यंत्र चाललं कशावर? आपलीच चूक निघावी म्हणून तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. चूक निघाली नाही.

"सर, गुरुवारी वीज कुठून आणलीत?"

सर हसायला गेले, पण ते जमलं नाही. "खडा पहिल्याच दिवशी तडकला गं. मग घरी बसून आकडे लिहिले. तुझी पदवी अडली होती. पदरात मूल घेऊन अजून किती वर्षं खडे वाढवणार होतीस?"

या माणसाच्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा दोन शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं तिला वाटलं. तिनं टाइपरायटरमधला कागद ओढून काढला आणि फाडला.

"पदवी गेली तरी चालेल सर, असल्या कागदावर माझं नाव नको. चांदीचे आकडे आहेत ना, त्यांच्या जोरावर पुन्हा सुरुवात करीन."

सरांनी मान वर केली नाही. चांदीच्या त्या मोजणीवरच सरांना डॉक्टरेट मिळाली होती.

"सर? चांदीचे तरी खरे आहेत ना?"

"तेव्हा," सर हळूच म्हणाले, "माझी पदवी अडली होती."