भिवाच्या घोट्यावरचं हाड

"मंगळवारी पाय कापायचा," मोठे साहेब म्हणाले आणि केसपेपर माझ्यापुढे सरकवला.

मी तेव्हा सोलापूरच्या एका हॉस्पिटलात असिस्टंट होतो, साहेब आमचे सर्जन. पाय होता सांगोल्याकडच्या भिवा मेंढपाळाचा. घोट्याच्या जरा वर, स्नायूत, लिंबाएवढी, हाडासारखी टणक गाठ. महिन्याभरात वाढलेली. काही लागलेलं नसताना स्नायूत असं हाड धरलं, की पहिली शंका सार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कॅन्सरची. त्यावर तेव्हा इलाज एकच होता. पण मेंढरांमागं हिंडणाऱ्यानं एका पायावर करायचं काय?

मार लागला का, असं मी भिवाला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा "न्हाय." तेच मी केसपेपरवर लिहिलं: 'इंज्युरी, नो.' तरी विश्वास बसेना. प्रश्न विचारला की गडी छताकडे बघायचा. मी मुळातच संशयी. पेशंट निम्मं लपवतो, असं धरूनच चालायचो.

एक्स-रेच्या काचेच्या प्लेटनं संशय वाढवला. गाठीची कड पांढरी, पक्की. मधला भाग फिकट. गाठ आणि नडगी यांच्यामध्ये बारीक फट. सार्कोमात बहुधा उलटं दिसतं. मुक्या मारानं स्नायूत रक्त साकळलं, तर कधी कधी तिथं हाड धरतं आणि त्याची कड आधी पक्की होते. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. नाव भारी, पण जिवाला धोका नाही. मग मार गेला कुठं?

साहेबांना प्लेट दाखवली. ते म्हणाले, "मार नाही, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मी तणतणत वॉर्डात गेलो. भिवाची बायको सोनाबाई त्याच गाठीवर तेल चोळत बसली होती.

"मार लागला नाही, तर चोळताय कशाला बाई?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मार न्हाय वो सायेब," ती हळूच म्हणाली. "देवाला सोडलेल्या मेंढ्यानं धडक दिली. त्याला मार कसं म्हनायचं? आमचंच कायतरी चुकलं आसंल की."

मला भिवाचा भयंकर राग आला, आणि मग स्वतःची लाज वाटली. त्याच्या हिशेबानं तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता.

साहेबांनी कुरकुरत तीन आठवडे दिले. चोळणं आधी बंद केलं, कारण चोळल्यानं असं हाड आणखी वाढतं. पाय पट्टीत बांधला. दुसऱ्या प्लेटमध्ये गाठ तेवढीच होती, कड आणखी पक्की. साहेबांनी स्वतःच्या हातानं ऑपरेशन खोडलं.

घरी जाताना भिवानं एकच मागणं केलं, "देवाच्या मेंढ्याचं नाव कागदावर नगं." मी 'जनावराची धडक' एवढंच लिहिलं. जरासा लंगडत, पण दोन्ही पायांवर तो फाटकाबाहेर गेला.

तेव्हापासून मी मार लागला का, असं विचारत नाही. पायाला काय काय झालं ते सांगा, म्हणतो आणि गप्प बसतो. तो जुना केसपेपर पुढं पुष्कळ दिवस माझ्या टेबलावर होता. त्यातल्या दोन शब्दांवर भिवाचा पाय जाणार होता, आणि खाली सही माझी होती.