सिलिंडर वाढला

अन्याय झाला तो माझ्या सात वर्षांच्या भाचीवर, मंगळवारी सकाळी, पोह्यांच्या वेळी. सोमवारी संध्याकाळी अंबडला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर भजीच्या गाडीचा सिलिंडर फुटला, तो अपघात होता. मंगळवारचं मात्र आम्ही मोठ्यांनी केलं.

भाचीने विचारलं, "काल काय झालं गं, मम्मी?"

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात पोहे घेऊन आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "लेकरापुढं फुटला-बिटला म्हणू नये, अशुभ असतं. वाढला म्हणावं." आणि त्याच दमात भाचीला, "तुला वाढू का गं?"

भाची पलंगाखाली.

बांगडी वाढते, नारळ वाढवतात, मान्य. पण सिलिंडर? अख्ख्या कॉलनीने तो शब्द उचलला. मी पत्रकं काढते, 'गाड्यांवरचे सिलिंडर तपासा' हे पत्रक टाकायला गेले, तर छापखानेवाला म्हणतो, "मॅडम, फुटला काढून वाढला करू का? बरं दिसेल." भजीवाले मामा दोन्ही हात भाजून दवाखान्यात होते. भाचीला सांगितलं, ते चांदवडला गेलेत, गावी.

तिचं जेवण सुटलं. कुणी वाढायला आलं की कानांवर हात. शाळेत बाई कौतुकाने म्हणाल्या, "उंची वाढली की हिची!" तर ती घरापर्यंत रडत आली. रविवारी तिचा वाढदिवस. "मला नको," म्हणाली, "मी नाही वाढणार."

आम्ही शहाणे कपाळाला हात लावून बसलो, पण अर्थ कुणाला लागेना. लागणार कसा? ताई गॅस पेटवत नव्हती, दाजी कंपनीतून सारखा फोन करत होते, "रेग्युलेटर बंद आहे ना?"

शनिवारी कॉलनीतल्या विहारात आम्हा सगळ्यांशी बोलायला समुपदेशक बाई आल्या, गंगापूर रोडवरून. म्हणाल्या, "भीती मनात वाढू देऊ नका." भाची सतरंजीखाली शिरली. बाई बोलायच्या थांबल्या, खाली वाकल्या.

"बाळा, काय वाढलं?"

"सिलिंडर. आणि मामा."

"मामा वाढले?"

"हो. तुकडे तुकडे. त्यांची चप्पल आमच्या गॅलरीत पडलीय. मी कुंडीमागे ठेवली."

काकू पुटपुटल्या, "शुभ बोल गं." माझं डोकंच फिरलं. मामांच्या बायकोला फोन लावला, स्पीकर चालू केला, म्हटलं मामांना द्या.

"मामा, हिला सांगा काय झालं."

"फुटला ना बाई! लय मोठ्यानं फुटला. हात भाजले. बाकी हाय मी सगळा."

सतरंजीखालून आवाज आला, "तुम्ही घाबरले?"

"घाबरलो म्हंजे? एक चप्पल टाकून पळालो. अजून सापडली नाय."

"माझ्याकडे आहे!"

ताई हुंदके देत म्हणाली, "फुटला गं, फुटलाच." दाजी म्हणाले, "फुटला." शेवटी काकूही, देवाची माफी मागितल्यासारख्या, "फुटला बाई एकदाचा." मी इतके मोर्चे काढले, अशी घोषणा ऐकली नव्हती.

भाची बाहेर आली, केसांत सतरंजीचे धागे. "काकू, पोहे आहेत?"

काकू "वाढू" म्हणता म्हणता अडखळल्या. "देऊ का?"

"वाढा," ती म्हणाली.

आता तुम्ही. तुमच्या घरात काही फुटलं असेल, जळलं असेल, कुणी गेलं असेल, तर आज जेवायच्या आधी लेकराला जवळ घ्या आणि झालं ते त्याच्या खऱ्या नावाने सांगा. मग गप्प बसा. त्याने कुंडीमागे काय लपवलंय, ते त्याला दाखवू द्या.