ट्रॉलीची लाईन आणि परबांची विहीर

गोव्यातल्या आमोण्याजवळच्या डोंगरउतारावर गावस आणि परब हे दोन शेजारी दोन दिशांना बोट दाखवत होते आणि मी मध्ये उभी होते. मी सर्व्हेअर, म्हणजे जमिनीची हद्द मोजणारी. पोर्तुगीज काळातल्या कागदात दोघांची हद्द ‘ट्रॉलीच्या लाईनीने’ एवढीच दिली होती. खाणीतला माल नदीवर नेणाऱ्या ट्रॉल्यांचे ते रूळ केव्हाच भंगारात गेले होते.

गावस म्हणत होते, रूळ विहिरीच्या पलीकडून जात. तसं ठरलं असतं तर परबांची विहीर गावसांची झाली असती. परब म्हणत होते, रूळ आपल्या काजूच्या झाडांना वळसा घालून जात. त्यांच्या घराला पाणी त्याच विहिरीचं. ते रात्रभर झोपले नव्हते, हे त्यांच्या बायकोने मला हळूच सांगितलं.

रस्त्यापलीकडून सावित्रीआजी काठी टेकत आल्या. सावंतवाडीकडून पोरवयात खाणीवर मजुरीला आलेल्या, टोपलीने ट्रॉली भरणाऱ्या. मी त्यांना विचारलं, ट्रॉल्या ओढणारं इंजिन कुठे ठेवायचे? त्या हसल्याच.

“इंजिन खंयचा गो बाय? वर मोठा चाक, चाकावर दोरी. भरलेली ट्रॉली खाली जाय, तीच रिकामीक वर ओढून हाडी.”

“मग रूळ वळायचे कुठे?”

“वळतले कशे? दोरी झाडांक घासून तुटात मां.”

मला तिथेच बसावंसं वाटलं. दोरी सरळ म्हणजे रूळही सरळ, आणि सकाळपासून मी वळण शोधत होते.

आजींनी माथ्यावरचं झुडूप दाखवलं. परबांनी कोयत्याने ते साफ केलं, तर आत चिऱ्यांचा चौथरा आणि चार गंजलेले बोल्ट. चाक तिथे होतं. खाली नदीकाठी ट्रॉल्या रिकाम्या होत, त्या धक्क्याची भिंत अजून उभी होती. मी टोटल स्टेशन लावलं. हे अंतर आणि कोन मोजणारं तिपाईवरचं यंत्र. दोन टोकांमधली सरळ रेषा काढली आणि तिच्यावर मधोमध खणायला सांगितलं. हातभर खाली रुळाचा खिळा निघाला.

आजींनी तो पदराने पुसला. संध्याकाळी मुकादमाची पाठ वळली की आम्ही पोरी रिकाम्या ट्रॉलीत बसून वर जायचो, असं सांगताना त्या लाजल्या.

विहीर परबांकडेच राहिली, चार हातांच्या फरकाने. काजूंची एक रांग मात्र गावसांकडे गेली. दोघांनीही तोंडं थोडी वाकडी केली. म्हणजे मोजणी बरोबर झाली होती. परबांच्या बायकोने चहा आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे पाव आणले, आणि गावसांनीही दोन खाल्ले.

ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट वाचून विचारलं, “मॅडम, पुरावा म्हणून म्हातारीचं बोलणं?”

“नाही सर. चौथरा, धक्का आणि खिळा. ते कुठे शोधायचे, एवढं म्हातारीने सांगितलं.”

त्यांनी सही केली.

तेव्हापासून जुनी हद्द सापडेनाशी झाली, की ती कुठे होती असं मी विचारत नाही. तिच्यावरून काय जायचं आणि कसं, ते विचारते.