जिथे लागली, तिथेच सुटावी

फखरी खानुमला, म्हणजे फखरीबाईला, उंदरांची मनापासून शिसारी होती, आणि तिने एकवीस वर्षं उंदीरच सांभाळले. इराणातल्या आमच्या केरमानमध्ये मेंदूचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथले पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी, आजारी उंदीर वेगळा काढणं, सगळं तिच्याकडे. शिकलेली सहावीपर्यंत. पण एखाद्या नव्या विद्यार्थिनीने उंदीर चुकीचा धरला की ही दारातून ओरडायची, "अगं, शेपटीला धरून लोंबकळवतेस काय? तो काय ओला टॉवेल आहे?" आणि ती पोरगी निमूटपणे उंदीर खाली ठेवायची.

आमच्याकडे अफूचं कौतुक नव्याने सांगायला नको. दात दुखला, अफू. म्हाताऱ्याची कंबर धरली, अफू. पाहुणा टेकतो न टेकतो तोच शेगडी पेटवून नळी पुढे करणारी घरं आम्ही पाहिली आहेत, आणि त्या घरांना कोणी नावं ठेवत नसे. फखरीचा नवरा यदुल्ला कनातीचा कारागीर, सगळ्यांचा 'उस्ता'. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, म्हणजे कनातीतून, गावापर्यंत आणायचं, म्हणजे जन्मभर गार पाण्यात गुडघे टेकून खणायचं. बाविसाव्या वर्षी त्याचे गुडघे धरले, तेव्हा फखरीच्या बापानेच मोठ्या मायेने जावयाला हरभऱ्याएवढी अफू दिली. ती माया पुढे छत्तीस वर्षं पुरली. आतल्या खोलीत, भिंतीशी टेकून, लाल गालिच्यावर यदुल्ला रोज शेगडी घेऊन बसायचा, आणि दार लोटलं गेलं की घरातले सगळे हळू बोलायचे. तीनदा त्याने सोडली. तीनदा परत धरली. शेजारणी म्हणायच्या, मनाने कच्चा. फखरीही म्हणायची, आणि मला तिचा राग येतो तो इथेच, कारण रात्रंदिवस कनातीत उतरणारा माणूस मनाने कच्चा असेल तर आम्ही बाकीचे कोण?

प्रयोगशाळेत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की इथे उंदरांनाही अफूचंच सत्त्व टोचतात. तडक ती प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर मेहरअंगीज यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खानुम डॉक्टर, माझ्या घरी एक आहे तो पुरे नाही का? आता या मुक्या जिवांनाही नादी लावताय?"

"नादी लागलेला कसा सुटतो ते शोधतेय, फखरी खानुम," डॉक्टर म्हणाल्या. "शोधायचं नाही का?"

फखरीने तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली.

तिथे एक दोन कप्प्यांची पेटी होती. एक कप्पा पट्ट्यापट्ट्यांचा, दुसरा साधा. पट्ट्यांच्या कप्प्यात उंदराला सुई टोचायची. चार दिवसांनी त्याला मोकळं सोडलं की तो सुई नसतानाही पट्ट्यांतच जाऊन बसायचा. मग त्याच कप्प्यात रोज नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. दहा-बारा दिवसांत त्याला त्या कप्प्याचं काही वाटेनासं व्हायचं. एका हिवाळ्यात ती खोली रंगवायला काढली, म्हणून पेटी पलीकडच्या खोलीत नेली. नादी लागलेले उंदीर तिकडे व्यवस्थित विसरले. रंग वाळल्यावर पेटी जागेवर आणली, आणि सगळेच्या सगळे पहिल्याच दिवशी पट्ट्यांकडे धावले. विद्यार्थ्यांनी आपलंच काहीतरी चुकलं म्हणून नोंदवहीची ती पानं फाडली. फखरी भुसा झाडता झाडता म्हणाली, "पेटीने नाही रे बाबांनो, खोलीने ओढलंय त्यांना." तिचं कोण ऐकतं? डॉक्टर त्या महिन्यात परदेशी होत्या, आणि फखरीही ते विसरून गेली.

पुढे डॉक्टरांनी तेच माणसांवर करून पाहायचं ठरवलं. दवाखान्यात अफूचं सरबत मापाने द्यायचं, दर पंधरवड्याला थेंब कमी करायचे, आणि आठवड्यातून दोनदा रोग्याला पेटलेल्या शेगडीसमोर बसवायचं. समोर निखारे, चिमटा, नळी. अफू मात्र नाही. छातीचे ठोके मोजायचे आणि तासाभराने घरी पाठवायचं. फखरीने यदुल्लाचं नाव घातलं. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "चाळीस वर्षं जमिनीखाली पाणी शोधलं, आता या बाई माझ्या डोक्यात कनात खणणार!" पण गेला. सात महिने न चुकता गेला. शेवटी शेवटी शेगडीसमोर त्याला डुलकी लागायची. सरबताचा शेवटचा थेंब बंद झाला, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः त्याला खजुराचा लाडू भरवला.

तो घरी आला त्या दुपारी सगळं नातंगोतं जमलं. "माशाल्ला, काय तेज आलंय तोंडावर!" नणंद म्हणाली. जाऊ म्हणाली, "दहा वर्षांनी तरुण दिसताय हो!" इतकं कौतुक ऐकून फखरीला दृष्टीची धास्ती वाटली. आमच्याकडे अशा वेळी बाई दुसरं काय करणार? सगळे गेल्यावर तिने आतल्या खोलीतली शेगडी पेटवली, यदुल्लाला त्याच्या जागेवर बसवलं, आणि दृष्ट काढायचे इस्पंदाचे दाणे त्याच्या डोक्यावरून तीनदा ओवाळून निखाऱ्यांवर टाकले. दाणे तडतडले. कोणाची वाईट नजर होती ती फुटली, असं तिला वाटलं. यदुल्लाला दरदरून घाम फुटला होता. तो हसला आणि म्हणाला, "नान घेऊन येतो."

संध्याकाळी त्याला दोघांनी उचलून आणला. त्याने पूर्वीच्याच मापाने अफू घेतली होती, आणि सात महिन्यांत शरीर ते माप विसरलं होतं. ओठ निळे, श्वास मोजून घ्यावा इतका सावकाश. इस्पितळात सुई टोचून श्वास परत आणला. तीन दिवस फखरी बाकावर बसून होती. दृष्ट लागली असं सगळे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे ते रंगवलेल्या खोलीतले उंदीर आले, आणि ती तोंडात चादरीचा पदर कोंबून रडली. कोणाची नजर लागली नव्हती. शेगडी तिने पेटवली होती. स्वतःच्या हाताने, त्याच खोलीत.

ती घरी न जाता थेट डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, फाडलेल्या पानांसकट. मग म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात त्याने कधी अफू ओढली होती? तिथे विसरला, तर विसरला काय? तुमची खोली!"

 डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मेंदू जुनं पुसत नाही, फखरी खानुम. त्याच्या शेजारी नवं शिकतो. आणि ते नवं जिथे शिकला त्या जागेला धरून राहतं. हे मी वर्गात शिकवते. माणसाच्या घराचा विचार माझ्या मनात आला नाही. चूक तुमच्या आधी माझी आहे."

"चुकीचं राहू द्या. आता करायचं काय?"

"तुम्हीच सांगा."

"घरी या. त्याच खोलीत, त्याच गालिच्यावर. मी शेगडी पेटवते."

यदुल्ला तयार होईना. "एकदा मारलंस तेवढं पुरे नाही?" तो म्हणाला. फखरीने ऐकून घेतलं.  आठ दिवसांनी तोच म्हणाला, "बोलाव तुझ्या डॉक्टरीणबाईंना."

सरबत पुन्हा सुरू झालं. शनिवारी आणि मंगळवारी डॉक्टर यंत्र घेऊन यायच्या, आणि फखरी नवऱ्याच्या शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसायची. पहिल्या दिवशी त्याने चिमटा भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी ओकला. पाचव्या खेपेला तिचा हात इतका आवळला की बांगडी वाकली. हळूहळू घाम कमी झाला, ठोके उतरले. डॉक्टर इतर रोग्यांच्याही घरी जायला लागल्या, कोणाच्या बागेत, कोणाच्या ट्रकमध्ये, जिथे ज्याची बैठक होती तिथे. दीड वर्षाने यदुल्लाचा शेवटचा थेंब दुसऱ्यांदा बंद झाला. या वेळी कोणी लाडू भरवला नाही. फखरी मात्र त्याला आतल्या खोलीत एकटं सोडेना. कपाट उघडायला तो गेला तरी ही मागोमाग.

एका गुरुवारी प्रयोगशाळा लवकर सुटली. फखरी दुपारीच घरी आली तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि फटीतून निखाऱ्यांचा वास. तिच्या हातातली पिशवी गळून पडली. दार ढकललं. यदुल्ला त्याच्या जागेवर बसला होता, समोर शेगडी रसरसलेली.

"उस्ता!" ती किंचाळली. "काय केलंत हे?"

त्याने तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. "ये, डोळे बघ. दवाखान्यात बघतात तसे बघ."

ती वाकली. अफू घेतलेल्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. यदुल्लाच्या बाहुल्या मोठ्या होत्या, आणि डोळे पाण्याने भरले होते.

"मी इथे तुझ्या शेजारी बसायला शिकलो, फखरी," तो म्हणाला. "तू नसताना बसायला कुठे शिकलो? उद्या तुला काही झालं असतं, तर मी त्याच दिवशी पुन्हा धरली असती. महिना झाला, रोज तू कामावर गेलीस की पेटवतो."

फखरीला राग आला, की महिनाभर आपल्याला पत्ता लागू दिला नाही.  तरी ती सवयीने त्याच्या शेजारी गुडघे टेकायला गेली.

"नको," तो म्हणाला. "तू बाहेर जा. दार लावून घे."

ती बाहेर गेली. दार लावलं. आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदाच, बंद दाराकडे पाठ करून, चहा टाकायला आत स्वयंपाकघरात गेली.