तिन्हीसांजेचं बटण
डब्यातल्या भाकरीभोवतीचा चंदेरी कागद चुरचुरला, की मला जालन्याच्या कॉलेजातली ती संध्याकाळ आठवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिली मी चढले, म्हणून घनसावंगीहून आलेल्या मायला प्रयोगशाळा दाखवायची मला मोठी हौस. पण त्या दिवशी तीन आठवडे वाढवलेल्या पेशींची एकच ताटली उरली होती आणि मी एका जागी ठरत नव्हते. औषध पेशीत शिरतं, पण आतल्या बारीक पिशव्यांत अडकून पडतं. बराबर वेळेला लाल उजेड पाडला की पिशव्या फुटतात आणि औषध सुटतं. वेळेआधी उजेड लागला, तर पेशीच मरतात. म्हणून मायला कोपऱ्यात बसवून, खोलीत अंधार करून, असल्याच चंदेरी कागदात ताटली गुंडाळून मी घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. पेशी धुवायला कागद काढला, तेवढ्यात मायनं भिंतीवरचं बटण दाबलं. वळून पाहिलं तर ती ट्यूबलाइटला हात जोडून उभी. "तिन्हीसांजेला अंधारात काय करून राह्यलीस गं पोरी?" "तुला काही कळतं का?" मी ओरडले. तिनं बटण बंद केलं आणि अंधारातूनच म्हणाली, "न्हाई कळत. म्हणून तर तुला शिकवलं." त्या पेशी मेल्याच. पुढं नव्या वाढवल्या, प्रयोग जमला, पदवीही मिळाली. माय मात्र अजून रोज दिवेलागणीला फोन करते, "दिवा लावू का गं, का तुझं काही उघडं हाय?" मी "लाव" म्हणते. त्यापुढं जे म्हणायचं असतं, ते आतच अडकून पडतं.