सिस्टरची शिवी

"मुडदे, दम धर."

पहिलटकरीण घाबरून ओरडायला लागली की सिस्टर दंडावरच्या बाहीला कपाळ पुसायच्या आणि हे म्हणायच्या. चहात साखर कमी पडलीय हे ज्या आवाजात सांगावं, त्याच आवाजात. पोरगी ओरडायची थांबून त्यांच्याकडं बघायची. "कळ आली की मला सांग. उगं बोंबलू नको, लेकरू भिऊन आतच बसंल." एवढ्या वेदनेतही पोरीला हसू यायचं.

मराठवाड्यातल्या एखाद्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर तुम्ही कधी बसला असाल, तर अशी एखादी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. आमची सिस्टर नांदेड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात होती. तालुका सांगत नाही. सांगितला की लोक नावं शोधत बसतात, आणि चौकशा बघून मी आता कंटाळले आहे. मीही तिथं नर्सच आहे, पण मला हाक मारताना लोक आधी माझं नाव घेतात आणि मग सिस्टर म्हणतात. त्या नुसत्याच सिस्टर होत्या.

मी लातूरची. माझी आई शाळेत मराठी शिकवायची. आमच्या घरात 'मेला' हा शब्द फक्त खरोखर कुणी गेलं तरच वापरायचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सलाईन लावताना माझी सुई दोनदा चुकली, तेव्हा सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, "मुडदे, जेवून आलीस का न्हाई?" मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. आईला फोन केला. आई म्हणाली, लेखी तक्रार दे, मी मजकूर सांगते. दुपारी सिस्टरनी डबा उघडला, अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी झाकणात काढून माझ्यापुढं सरकवली आणि स्वतः जेवायला लागल्या. भाकरी खाऊन झाल्यावर तक्रार लिहायला बसणं मला काही जमलं नाही.

मुडदा म्हणजे प्रेत. पण आमच्याकडच्या बायका उठता-बसता लेकराला मुडद्या म्हणतात, लेकीला मुडदे म्हणतात, तेव्हा प्रेत कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. जेवायला हाक मारतानाही तोच शब्द आणि उशिरा घरी आलं तरी तोच. परक्या माणसाला तो कुणी म्हणत नाही. सिस्टरच्या तोंडून तो ऐकला की बाईला आपण आपल्या माणसांत आलोय असं वाटत असावं. मला तरी महिन्याभरात तसं वाटायला लागलं.

सगळ्यांना मात्र त्या म्हणत नसत. केसपेपर बघायच्या, आणि काही बायकांशी एकदम वेगळं बोलायच्या. "माय, थोडं कुशीवर हो. माय, पाणी पी." एकदा मी विचारलं, हिला माय का? "तिचं मागचं लेकरू गेलं ना ग," त्या म्हणाल्या. "तिला कसं म्हणू ते?"

मग पुण्याचे डॉक्टर आले. शिक्षणानंतरचं सरकारी बाँडचं एक वर्ष काढायचं होतं. पोरगा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते. बाँडचे बरेच डॉक्टर सुटीच्या गाडीकडं डोळे लावून बसलेले असतात. ह्यांना इथलं सगळं आवडायचं, आमची भाषा तर फारच. आल्या आल्या 'लई' शिकले, मग 'हो'च्या जागी 'हाव' शिकले. जेवण झालं का विचारलं तर म्हणायचे, "हाव, मी लई जेवून राहिलो." जेवण झालंय की चालू आहे, हे कुणालाच कळायचं नाही.

एकदा गावोगावच्या आशाताईंची बैठक होती. डॉक्टर उत्साहानं म्हणाले, "कधीही फोन करा. मी इथं काय रिकामचोट बसलेलो नाही." साऱ्या जणींचे पदर एकदम तोंडाला गेले. बैठक संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तो शब्द बायांत न्हाई बोलत."

"का? रिकामटेकडाच ना तो?"

"सवडीनं त्याची फोड करून बघा."

डॉक्टरांनी फोड केली असावी. पुढचे काही दिवस ते आशाताईंच्या नजरेला नजर देत नव्हते.

त्यांनीच एकदा चहाच्या वेळी आम्हाला एक गंमत सांगितली. त्यांचा मित्र अमेरिकेत शिकत होता. तिथली पोरं म्हणे इंग्रजांच्या मालिका बघून त्यांच्या शिव्या उचलतात. ब्लडी म्हणतात, वँकर म्हणतात. वँकर म्हणजे साधारण आपलं ते हे, असं म्हणून डॉक्टरांनी आवाज खाली घेतला, म्हणजे त्या शब्दाची फोड झाली होती. अमेरिकेतल्यांच्या कानाला त्या शिव्या गोड लागतात, त्यामुळं साहेबासमोर, सासूसमोर, कुठंही टाकतात. कुठली शिवी दोस्ताला द्यायची आणि कुठल्या शिवीवरून डोकी फुटतात, हे त्यांना ठाऊकच नसतं. शेजारी एखादा खरा इंग्रज बसला असला की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. सांगता सांगता डॉक्टर हसून बेजार झाले. "टीव्ही बघून कुणी शिव्या शिकतं का हो, सिस्टर?"

सिस्टर बशीत चहा ओतत होत्या. "मग त्यांचं बी तुमच्यावानीच हाय म्हणा की."

डॉक्टर त्यावरही मनापासून हसले.

सिस्टरच्या शब्दावर तर त्यांचा फार जीव जडला. वॉर्डबॉयला मुडद्या, मला मुडदे, चालू होत नसली तर स्वतःच्या गाडीलाही मुडदे. आम्ही हसायचो. सिस्टरनी एकदा त्यांना बाजूला घेतलं. "पेशंटला म्हणू नका बरं का."

"तुम्ही म्हणता की."

"मी म्हणते."

तेवढंच बोलल्या. ह्याहून जास्त समजावून कसं सांगायचं, ते त्यांनाही माहीत नसावं. ज्या गोष्टी लहानपणापासून येतात त्या शिकवता येत नाहीत, असं मला अलीकडं वाटतं.

उन्हाळ्यातली दुपार होती. कंधारकडची एक बाई दोन दिवसांपासून दाखल होती. तिचं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. सिस्टर तिला माय म्हणत होत्या, आणि तिची सासू खाटेच्या पायाशी बसून सगळ्यांवर लक्ष ठेवून होती. सिस्टर जेवायला गेल्या असताना डॉक्टर राउंडला आले. बाईचा चेहरा उतरलेला दिसला. तिला जरा हसवावं म्हणून ते म्हणाले, "काय मुडदे, आज तरी बाळ आणणार की नाही?"

सासूनं हातातला तांब्या खाली ठेवला. "काय म्हणलास?"

डॉक्टरांना वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. त्यांनी हसत हसत पुन्हा म्हटलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आरडाओरडा, गर्दी, चारपाच मोबाइल वर उचललेले. सिस्टर उष्ट्या हातानं धावत आल्या, तशाच हात जोडून सासूसमोर उभ्या राहिल्या. म्हातारी त्यांना म्हणाली, "बाई, तुमी सगळ्या वार्डाला म्हणता ते. आमच्या सुनंला दोन दिसांत एकदा बी म्हणलं न्हाई. मी बघून राहिले न्हवं का. आन ह्यानं म्हणावं?" आणि मग ती रडायलाच लागली. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. आपण नेमकं काय केलं, हे त्यांना तोवर कळलं नव्हतं.

संध्याकाळी ती बाई सुखरूप बाळंत झाली, लेकरू ठणठणीत निघालं. पण तोपर्यंत मोबाइलवरचं चित्रण सगळीकडं पोचलं होतं.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. "हा शब्द मी सिस्टरकडून शिकलो. त्या रोज म्हणतात." कुणाला अडकवायचा त्यांचा हेतू नव्हता.

साहेबांनी सिस्टरना विचारलं, "तुम्ही पेशंटना प्रेत म्हणता?"

"म्हणते, सर."

"का?"

मी दाराशी होते. मला वाटलं, आता त्या केसपेपरचं सांगतील, माय म्हणण्याचं सांगतील, डॉक्टरांना बजावल्याचं तरी सांगतील. त्या पायाच्या अंगठ्याकडं बघत उभ्या राहिल्या. "सवय हाय, सर," म्हणाल्या. नंतर मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काय सांगायचं ग. सांगून कळत असतं तर डॉक्टरला न्हाई का कळलं?"

दोघांना लेखी समज मिळाली. लेबर रूमच्या भिंतीवर छापील कागद लागला: रुग्णांशी सौजन्यपूर्ण भाषेत बोलावे. सिस्टरना नांदेडला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एका बाईंनी त्यांना हसऱ्या चेहऱ्यानं 'ताई' म्हणायला शिकवलं. डॉक्टरांचं बाँडचं वर्ष संपलं, तेव्हा ते सिस्टरचा निरोप घ्यायला आले. डोळ्यांत पाणी होतं. "सिस्टर, मी अगदी तुमच्यासारखंच म्हणालो हो."

"तेच तर झालं, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या हातावर केळी ठेवली. "वाटंत खा."

त्यानंतर सिस्टरच्या तोंडून शिवी ऐकू आली नाही. "ताई, कृपया जोर लावा. ताई, कृपया श्वास घ्या." बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करतात तशा बोलायच्या. काम तेच, हात तेच, पण बायका घाबरायला लागल्या. बिलोलीकडची एक पोरगी दुसऱ्या खेपेला आली होती. पहिल्या खेपेला सिस्टरनी तिला मुडदे म्हणूनच मोकळी केली होती. ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "ह्या मला ताई म्हणून राहिल्या. माझं काई बिघडलंय का ओ?"

मी सिस्टरना ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. "थकले ग मी," म्हणाल्या. त्यांना असं म्हणताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

त्याच सुमारास पुण्याहून डॉक्टरांचा निरोप आला. त्यांच्या मित्रांत आता सगळेच एकमेकांना मुडद्या म्हणतात. एका हॉटेलात मराठवाडी थाळी मिळते, तिथं भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'खा की मुडद्या' असं रंगवलंय, त्याचा फोटोही होता. सिस्टरनी फोटो लांब धरून बघितला. "थाळीत काय काय हाय?" एवढंच विचारलं.

माझ्या बाळंतपणाची वेळ आली तेव्हा मी त्याच लेबर रूममध्ये होते. आई लातूरहून आली होती, बाहेर बसली होती. ह्या खोलीत इतक्या जणींना धीर दिलेला, पण स्वतःच्या कळा सुरू झाल्यावर माझं सगळं शिक्षण पळून गेलं. मी ओरडत होते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, कृपया श्वास घ्या."

मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"सिस्टर, शिवी द्या की."

"गप. कागद लागलाय."

"मला परकी करू नका हो."

त्यांनी दाराकडं बघितलं. दंडावरच्या बाहीला कपाळ पुसलं. मग वाकून तोंड माझ्या कानाशी आणलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "मुडदे, दम धर. मी कुठं जाऊन राहिले?"

मुलगी झाली. आई नंतर म्हणाली, दाराच्या काचेतून दिसलं, त्या बाईंनी कानात काय सांगितलं ग? दम धर म्हणाल्या, मी सांगितलं. आई म्हणाली, बाई भाषेला फार चांगल्या आहेत.

सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा शाल-नारळ झाला. साहेब भाषणात म्हणाले, ह्यांची सौजन्यपूर्ण वाणी आपण सर्वांनी आत्मसात केली पाहिजे. सिस्टर माझ्याकडं कलून म्हणाल्या, "कुणाबद्दल बोलून राहिले ग हे?" मी हसले, आणि हसता हसताच मला रडू आलं. संध्याकाळच्या गाडीनं त्या गावी गेल्या.

परवा अर्धापूरकडची एक पहिलटकरीण आली. एकोणीस-वीस वर्षांची. माझं मनगट धरून ओरडत होती. दाराबाहेरून तिची आई 'मुडदे, भिऊ नको' म्हणत होती. मी केसपेपर बघितला. आधीचं काही नव्हतं. भिंतीवरचा कागद कधीच पडून गेलाय, तो अडवत नव्हता. मी बाहीला कपाळ पुसलं, आणि शब्द अगदी तोंडात आला. पण तो सिस्टरसारखा निघेल की डॉक्टरांसारखा, ह्याची मला खात्री वाटेना.

"ताई, दम धरा," मी म्हणाले.

ती ओरडायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. "माझं काई बिघडलंय का ओ, सिस्टर?"